शून्य पॉइंट दोन

प्रिंटर बंद पडला, एवढंच होतं हो. त्या मेल्या प्रिंटरपायी भाग्यश्री रोज मॅनेजर साहेबाची बोलणी खात होती, आणि त्याच्याचसाठी सुटीच्या दिवशी, धुणं तसंच टबात भिजत टाकून, घुग्घुसच्या बाजारातल्या आदेशच्या नेट कॅफेत येऊन बसली होती. बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते. काचेवर धूळ, की-बोर्डवर धूळ, आणि आदेश दोन्ही एकाच फडक्यानं पुसायचा. वर म्हणायचा, "बसा बाई, एकदम साफ हाये."

भाग्यश्री सावली तालुक्याकडची, धानवाल्या घरची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा मूल गावच्या कंप्युटर क्लासचं सर्टिफिकेट सोबत घेऊन आली, आणि त्या जोरावर घुग्घुसच्या पलीकडच्या एका अंडरग्राउंड खदानीत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागली. खदानीचं नाव कशाला घ्यायचं? नावानं काय फरक पडतो? खदान म्हटली की तिच्या पोटात ग्यास आलाच. तो साचला आणि कुठे एक ठिणगी उडाली की संपला खेळ. म्हणून खाली, कोळसा काढतात तिथे, सेन्सर बसवलेले. त्यांची वायर वर एका खोलीतल्या डब्याला आणून जोडलेली. त्या खोलीतल्या कंप्युटरवर, हवेत किती टक्के ग्यास आहे तो आकडा हिरव्या अक्षरांत उमटायचा. खालून फोन आला की तो आकडा सांगायचा, हे भाग्यश्रीचं काम. बाईमाणसाला खाली उतरायची कायद्यानं बंदी, त्यामुळे तिनं खदान आतून कधी पाहिलीच नव्हती. तिची खदान म्हणजे तो आकडा.

फोन करायचा सरदार. सरदार म्हणजे पगडीवाला नव्हे. टोळीच्या पुढे आपण जाऊन जाळीच्या दिव्यानं हवा तपासायची आणि मगच माणसं कामाला लावायची, त्या माणसाला खदानीत सरदार म्हणतात. आणि पहिल्या पाळीचा सरदार कोण, तर अमर, हिचाच नवरा!

"म्याडम, रीडिंग?" तो खालून विचारायचा.

"शून्य पॉइंट दोन, सरदार."

"जेवली काय?"

"हा ऑफिसचा फोन हाये."

"मंग ऑफिसच्या फोनवर सांग न, भाजी कायची केली त."

त्या लाइनवर खालचे सगळे कान लावून असायचे. भाग्यश्री लाजेनं लाल व्हायची, पण फोन पहिल्याच घंटीला उचलायची, हेही खरं.

आता ते सॉफ्टवेअर. ते होतं इंग्लंडातल्या कुठल्याशा कंपनीचं, डॉसच्या जमान्यातलं. ती कंपनी केव्हाच बुडाली होती. दसऱ्यानंतर रोजचा रिपोर्ट छापणं बंद झालं. बटन दाबलं की प्रिंटर घरघर करायचा, कागद थोडा पुढे सरकायचा, आणि कोरा तो कोराच. नागपूरहून एक इंजिनीअर बोलावला. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, हसला, "हे म्युझियममध्ये द्या" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. साहेब तिच्यावर तडकले, "रिपोर्ट हातानं लिहून दे, पण मला प्रिंटर चालू पाहिजे!" हातानं काय लिहायचं, रोज तोच तर आकडा होता. पण भाग्यश्री हट्टी. कंत्राटाची मुदत संपत आलेली, आणि एका प्रिंटरपायी साहेबानं नाव कापावं हे तिला सहन होणारं नव्हतं.

आदेशनंच तिला सांगितलं होतं की इंटरनेटवर अशा जुन्यापान्या, वाऱ्यावर सोडलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा एक फोरम आहे. तिथे प्रश्न टाकायचा, जगातून कोणीतरी उत्तर देतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं टाकला. चारदोन जणांनी थट्टा केली. मग डेरेक नावाच्या एका म्हाताऱ्यानं लिहिलं की बाई, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत मी होतो, अजून कोणी वापरत असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं उलट एकच विचारलं. आकड्याशेजारी एक छोटा तारा असतो, तो लुकलुकतो का? भाग्यश्रीनं खरं ते लिहिलं. तारा दिसतो, पण लुकलुकत नाही.

आज त्याचं उत्तर आलं होतं. आदेश खुर्चीमागे उभा राहून वाचू लागला, मराठी करून सांगू लागला.

"प्रिंटरला हात लावू नका. प्रिंटर चांगला आहे. खालून ताजं रीडिंग आलं नसेल तर कागद छापायचा नाही, असं आम्हीच त्या प्रोग्रॅमला शिकवलं होतं. तारा लुकलुकत नाही म्हणजे सेन्सरशी त्याचं बोलणंच बंद आहे. स्क्रीनवर दिसतो तो शेवटचा आलेला आकडा. कंप्युटर बंद करून परत चालू केलात तरी तोच दिसेल. तो तसा दिसू द्यायला नको होता, ही आमची चूक. खाली आत्ता माणसं आहेत का? असतील तर..."

आदेश थांबला.

"असतील त काय? वाचा न!"

"असतील त हे वाचून व्हायच्या आधी त्यायले वर काढा म्हणते."

भाग्यश्रीनं स्क्रीनकडे पाहिलं. इंग्रजी जेमतेम, पण शेवटची ओळ तिला आदेशशिवायही कळली. शून्य पॉइंट दोन. पावसाळ्यात पॉइंटपुढचा आकडा कधी एक व्हायचा, कधी चार व्हायचा, दिवसातून दहादा हलायचा. मग एकदा दोनवर येऊन बसला तो बसलाच. खदान थंडावली म्हणून साहेब खूश होते. तीही खूश होती. रोज सकाळी नवऱ्याला तिनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं, जा, काही नाही तिथे. आणि तिथे काय होतं ते देवालाच ठाऊक!

"बाई, पाणी आणू का?"

"फोन! फोन कुठी हाये तुमचा?"

खोलीत आज लच्छू बसला होता, तिच्या सुटीचा बदली माणूस. त्यानं फोन उचलला.

"लच्छूभाऊ, ग्यास किती?"

"शून्य पॉइंट दोन. काऊन बाई, सुटीच्या दिवशीई चैन नाई काय?"

"आकड्याच्या बाजूचा तारा पाहा. लुकलुकते काय?"

"नाई बाप्पा. काऊन लुकलुकन? दिवाळी त होऊन गेली."

"भाऊ, तो आकडा खोटा हाये. जुना हाये. खालच्या सगळ्यायले वर बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

"मी?" लच्छूचा आवाज एकदम बारीक झाला. "मी कोण बोलावणारा? तुमी साहेबाले सांगा." आणि त्यानं फोन साहेबाकडे जोडून दिला.

साहेबांनी ऐकून घेतलं. शांतपणे ऐकलं, तेच वाईट. "तुला हे कोणी सांगितलं? इंटरनेटवर? कोण माणूस, त्याला पाहिलंस कधी? उद्या ड्युटीवर ये, लेखी दे, आपण तपासून घेऊ." आणि ठेवलाच फोन. मग तिनं पुन्हा पुन्हा लावला, लाइन बिझी. आणि खाली बोलायचा फोन तर त्या खोलीतूनच लागायचा.

आदेशनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकं आतच ठेवून बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारली. भला माणूस! ट्रकांच्या मधून, धुळीतून, हॉर्न दाबत त्यानं गाडी अशी काढली की एरवी भाग्यश्रीनं खाली उडी मारली असती. आज तिला रस्ता दिसतच नव्हता. खाली आत्ता कुठे ड्रिल चालू असेल, कुठे लोखंडावर लोखंड आपटत असेल, एवढंच डोक्यात. अमरनं सकाळी निघताना डबा मागितला, तर ती म्हणाली होती, आज माझी सुटी आहे, कँटीनमध्ये खा. असं कोणी बोलतं का हो, खदानीत जाणाऱ्या माणसाला?

खोलीत पोचली तर लच्छूनं शहाणपणा करून गुणवंतरावांना बोलावून ठेवलेलं. गुणवंतराव खदानीचे जुने वायरमन, देवभोळे, खोलीतल्या मशिनी पोटच्या पोरांसारख्या जपणारे. भाग्यश्रीच्या मागोमाग साहेबही आले, कपाळाला आठ्या घालून. स्क्रीनवर हिरवा आकडा होता, शेजारी हिरवा तारा होता, दोन्ही ढिम्म.

"गुणवंतभाऊ, सेन्सरची वायर शेवटी कोणी काढली होती?" भाग्यश्रीनं विचारलं.

"मीच काढली होती, दसऱ्याले. पूजेसाठी. डबा पुसला, हार घातला, आणि लावली न वापस."

"कुठी लावली?"

"बाजूच्या छेदात."

"बाजूच्या काऊन?"

गुणवंतराव तिच्याकडे असे पाहू लागले की हिला साधी गोष्ट कशी कळत नाही. "पहिल्या छेदावर कुंकू लावलं होतं, बाई. सातिया काढला होता. त्याच्यात वायर कशी खुपसू? दोन्ही छेद सारखेच त हायेत!"

सगळे त्या डब्याच्या पाठीकडे पाहू लागले. कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, होता, वाळलेल्या झेंडूचा हार होता. एका छेदाला कुंकवाची बोटं, आणि वायर शेजारच्या स्वच्छ छेदात घट्ट बसवलेली. देवाचं म्हणून दसऱ्यापासून कोणी तिथे हात लावला नव्हता. तो शेजारचा छेद कशालाही जोडलेला नव्हता. गुणवंतरावांना हे उमगलं तसे ते डब्यापुढे खाली बसले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण साहेब ते साहेब. "वायर बदला. रीडिंग येऊ द्या, मग ठरवू. अशी अख्खी पाळी बाहेर काढली तर वर मलाच जाब द्यावा लागतो. किती वेळ लागेल?"

"डब्याची लाइन बंद करा लागन, साहेब. मंग टेस्टिंग... अर्धा घंटा त लागनच."

अर्धा तास! भाग्यश्रीनं साहेबाकडे पाहिलं. हा माणूस दुष्ट नव्हता. त्याला फक्त एक आकडा हवा होता. आकडा असल्याशिवाय तो काही करणार नव्हता, आणि खालचे लोकही तसेच. त्या क्षणी तिला काय झालं ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. ती सरळ फोनपाशी गेली आणि खालची घंटी दाबली.

"म्याडम?" अमरचा आवाज आला, हसरा. "आज त सुटी होती न तुह्यी?"

"रीडिंग दोन पॉइंट आठ," ती म्हणाली.

खालची सगळी थट्टा, सगळी खुसपुस बंद.

"किती?"

"दोन पॉइंट आठ. मशिनी बंद करा, सगळ्यायले घेऊन निघा. अमर, निघा!" लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. घेतलं ते असं, साहेबासमोर, चारचौघांत.

"बरं," तो म्हणाला. एवढंच. मग खालून ओरडण्याचे आवाज आले आणि फोन तसाच लटकत राहिला.

साहेब आ वासून उभे होते. "तू खोटं रीडिंग दिलंस? माझ्यासमोर? तुझी नोकरी गेली असं समज!"

"आजपर्यंत देल्लं त्यातलं खरं कोणतं होतं, साहेब?"

गुणवंतराव तोवर जमिनीवर बसून कामाला लागले होते. टेस्टिंग नाही की काही नाही. डब्याची लाइन बंद केली, वायर उपसली, कुंकवाच्या छेदावर डोळे मिटून कपाळ टेकलं, आणि वायर आत खुपसली. लाइन चालू केली. सगळे स्क्रीनकडे पाहत राहिले. तारा एकदा विझला, एकदा लागला, आणि लुकलुकू लागला. आकडा पुसला गेला, आणि त्या जागी आला एक पॉइंट नऊ. मग दोन पॉइंट एक. मग दोन पॉइंट चार. तो चढतच होता. सव्वा टक्का झाला की माणूस खाली ठेवायचा नाही, हा खदानीचा कायदा.

लच्छू 'अरे बाप रे, अरे बाप रे' एवढंच बोलत होता. साहेब धावले. खरंच धावले, त्यांना धावताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. भोंगा वाजवला, खालची वीज तोडली, बाकीच्या टोळ्यांनाही वर बोलावलं.

भाग्यश्री खदानीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. अंधारातून एकेक दिवा वर येऊ लागला. कोणी खोकत होतं, कोणी शिव्या देत होतं, कोणी अर्धवट राहिलेला डबा छातीशी धरून आणला होता. झिंगू आला, डोमा आला, कोलू आला. अमर नाही. सरदारानं सगळ्यांच्या शेवटी यायचं असतं, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं. शेवटी तो आला. चालत आला, काही न झाल्यासारखा, हातात सरदाराचा तो तेलाचा, जाळीमुळे बाहेरचा ग्यास पेटू न देणारा दिवा घेऊन.

आणि तो हसत होता! बाकीच्यांची तोंडं राखेगत झाली होती, आणि हा माणूस हसत होता. तिच्यापाशी आला, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाग्या, माहे डोळे चांगले हायेत वं!"

तिला काही कळेना. "काय म्हणून राह्यले तुमी?"

"अवं, हा दिवा." त्यानं तो वर धरला. "हवेत ग्यास असला का याच्या ज्योतीवर निळी टोपी चढते. ते पाहाचंच त काम हाये माहं. दिवाळीपासून मले रोज ते निळं दिसून राह्यलं. रोज! आणि फोन केला का तू म्हणे शून्य पॉइंट दोन. म्हटलं, भाग्या कायले खोटं सांगन? आपलेच डोळे बिघडले. सरदाराचे डोळे गेले त नोकरी गेली, म्हणून कोणाले सांगतलं नाई, तुलेई नाई. चंद्रपूरले जाऊन डॉक्टरले दाखवून आलो. त्यानं औषध देल्लं, तेच टाकून राह्यलो रोज, खाली उतराच्या आधी."

भाग्यश्री दिव्याच्या ज्योतीकडे पाहू लागली.

"तरी निळं काई जाये ना," तो सांगतच होता, इतक्या दिवसांचं मनात साठलेलं. "कोलू म्हणे, सरदार, मलेई निळं दिसून राह्यलं. त्याच्यावर भडकलो मी. म्हटलं, तुले जास्त समजते का माह्या बायकोले? चूप बस, काम कर. आणि आज तू म्हणाली दोन पॉइंट आठ. इतकं बरं वाटलं, काय सांगू! म्हटलं, सुटलो. डोळे शाबूत हायेत."

त्यानं खिशातून डोळ्यांत टाकायच्या औषधाची छोटी बाटली काढली, आता लागत नाही म्हणून तिच्या हातात दिली. भाग्यश्रीनं ती घेतली. तिनं बाटलीकडे पाहिलं, पलीकडे उकिडव्या बसलेल्या कोलूकडे पाहिलं, आणि तिथेच, कोळशाच्या भुकटीत, सगळ्यांदेखत मटकन खाली बसली.

"काऊन वं? काय झालं?" अमर घाबरून तिच्यापाशी वाकला. "डोळे चांगले हायेत म्हणून सांगून राह्यलो न!"